इन्व्हर्टर तापतोय, पण घर पोळतंय ते कर्जाने

प्रश्न : दीड वर्षापूर्वी ५ किलोवॉटची सोलर यंत्रणा बसवली. खर्च आमच्या ६० महिन्यांच्या वीजबिलाइतका आला. सगळा वैयक्तिक कर्जातून केला, व्याज १४ टक्के, मुदत ७ वर्षं. हप्ता बचतीतूनच सुटेल असं सांगितलं होतं. बिल साधारण ६०० युनिटचं असायचं, यंत्रणाही महिन्याला तेवढीच वीज देते. इन्व्हर्टर आणि बॅटरी गच्चीवर पश्चिमेच्या भिंतीला, बंद लोखंडी कपाटात आहेत. उन्हाळ्यात दुपारी इन्व्हर्टर तापतो आणि वीज घटते. बसवणारा म्हणतो, १५ बिलांइतक्या खर्चात पॅनेलवर फवारे आणि कपाटाला कूलिंग लावू, निर्मिती २५ टक्क्यांनी वाढेल. कर्जावर टॉप-अप (त्याच कर्जात वाढीव रक्कम) घेऊ का? मुलीच्या शिक्षणासाठी ४० बिलांइतकी मुदत ठेव आहे (७ टक्के), ती मोडायची नाही. अडीअडचणीचे पैसे वेगळे आहेत.

उत्तर : टॉप-अप घेऊ नका. २५ टक्के हा आकडा थाप आहे. पॅनेलची क्षमता २५ अंश सेल्सिअसला मोजतात. त्यापुढे दर अंशाला साधारण ०.३५ टक्के वीज घटते. भर उन्हात पॅनेलमधला सेल ६५ अंशांवर गेला, तर घट १४ टक्के. सगळी उष्णता काढून घेतली तरी याहून जास्त परत मिळणार नाही, आणि तेही फक्त रणरणत्या दुपारी. वर्षभराच्या हिशेबात ५ टक्के वाढ धरू, उदारपणे. ७,२०० युनिटवर ३६० युनिट, म्हणजे वर्षाला अर्ध्याहून थोडं जास्त बिल. १५ बिलं वसूल व्हायला २५ वर्षं! पंपाची वीज, पॅनेलवर बसणारा क्षारांचा थर आणि कर्जाचं व्याज यात धरलेलंच नाही.

दोष कपाटात आहे. इन्व्हर्टरची कार्यक्षमता ९७ टक्के धरली तरी ५ किलोवॉटवर १५० वॉटची उष्णता बाहेर पडते. ती बंद पेटीत, वर पश्चिमेचं ऊन. अशा वेळी इन्व्हर्टर स्वतःला वाचवायला वीज कमी करतो, ते बरोबरच आहे. त्याला आणि बॅटरीला सावलीतल्या, हवेशीर भिंतीवर हलवा. चारही बाजूंना किती जागा सोडायची ते माहितीपुस्तिकेत असतं. ती सोडली नसेल तर उद्या वॉरंटीचा दावा फेटाळला जाऊ शकतो, आणि उष्णतेने बॅटरीचं आयुष्य घटतं ते निराळंच. बसवणाऱ्याला लेखी कळवा की हे काम त्याने स्वखर्चाने करावं. चूक त्याची, आणि तीच पुढे करून तो तुम्हाला आणखी सामान विकतोय, याचा मला संताप येतो. स्वतः मात्र वायरींना हात लावू नका. इन्व्हर्टर बंद केला तरी ऊन असेपर्यंत पॅनेलकडून येणाऱ्या वायरींत वीज असते. वायरी जोडणारा एखादा कनेक्टर काळवंडलेला किंवा वितळलेला दिसला तर त्याच दिवशी जाणकार इलेक्ट्रिशियनला बोलवा. आग तिथून लागू शकते.

आता तुम्ही न विचारलेलं. ६० बिलांच्या कर्जाचा हप्ता महिन्याला १.१२ बिलांचा पडतो. यंत्रणा बिनचूक चालली तरी बचत एका बिलाची. म्हणजे हप्ता बचतीतून सुटणार नव्हताच, पहिल्या दिवसापासून. १८ महिन्यांत तुम्ही २० बिलांइतके हप्ते भरलेत आणि मुद्दल फिटलं जेमतेम साडेआठ. अजून ५१-५२ बिलं बाकी आहेत.

आणि शेजारीच ४० बिलांची ठेव ७ टक्क्यांनी पडून आहे. तिच्यावर वर्षाला २.८ बिलं मिळतात, तेवढ्याच कर्जावर ५.६ जातात. ठेव मोडा आणि कर्जात भरा. मुलीचे पैसे म्हणून हात अडतो हे मला कळतं, पण हिशेब तिच्याच बाजूचा आहे. उरलेली साडेअकरा बिलं याच हप्त्याने साधारण ११ महिन्यांत फिटतील. नंतरचे ५५ महिने तोच हप्ता तिच्या नावाने जमा केलात तर व्याज सोडूनही ६१ बिलं होतात. ठेव आहे तशी ठेवली, तर तोवर ५८ च्या आसपास जाईल, आणि कर्जाचे हप्ते शेवटपर्यंत चालूच राहतील.

ठेव मोडण्याआधी मुदतपूर्व परतफेडीचं शुल्क बँकेकडून लेखी विचारून घ्या. ते बाकी रकमेच्या ४-५ टक्के असलं, तरी सौदा फायद्याचाच आहे.