अंगठा बटणावरून काढ

प्रश्न : ताई, मी चोपड्याचा, वय २६. पुण्यात स्कूबाच्या कोर्सचे पूलमधले दोन वर्ग झाले. मास्कमध्ये शिरलेलं पाणी काढणं जमलं, पण अधांतरी तरंगत राहणं काही जमेना. एकतर तळाला टेकतो, नाहीतर भसकन वर येतो. अंगात पातळ सूट आणि कमरेला सहा किलो शिसं असतं. पुढचा भाग मालवणला, समुद्रात. तोवर मळ्यातल्या विहिरीत सराव करू का?

उत्तर : विहिरीचं आधी सांगते. सिलिंडर पाठीला लावून विहिरीत उतरायचं नाही. खाली गाळ, मोटारीचे पाइप, दोर. आणि काठावर उभ्या असलेल्यांपैकी कुणालाच तुझी अडचण कळणार नाही.

मीही रावेरकडच्या विहिरीतच पोहायला शिकले, पाठीला वाळका भोपळा बांधून. भोपळा बिचारा होता तेवढाच राहतो. तुझ्या हवा भरता-सोडता येणाऱ्या जॅकेटमधली हवा तशी नाही. जरा वर आलास की ती फुगते, फुगली की आणखी वर ओढते. पृष्ठभागापासून १० मीटरपर्यंत दाब दुप्पट होतो, त्यामुळे ही ओढाताण उथळ पाण्यातच सगळ्यात जास्त. म्हणून पूलमध्ये जमत नाही याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

माझंही हेच व्हायचं. बुडायला लागले की बटण दाबून जॅकेटमध्ये हवा भर, वर निघाले की सोड. फुस्स, फुस्स. शेवटी सरांनी माझा हात बटणावरून काढून घट्ट धरून ठेवला. श्वास घेतला, काहीच झालं नाही. आता बुडणार असं वाटतंय तोच छाती हळूच उचलली गेली. हा मधला दोनेक सेकंदांचा उशीर कुणी सांगितलाच नव्हता. (आपल्याकडचं ‘थांब ना भो’ पाण्याखालीही चालतं!) भिंतीवरच्या फरशीची एक रेघ नाकासमोर धर आणि फक्त श्वासाने तिच्या वरखाली हो. श्वास मात्र रोखायचा नाही. पूलएवढ्या उथळ पाण्यातही श्वास धरून वर आलं तर फुप्फुसाला इजा होऊ शकते.

दुसरा संशय शिशावर. पातळ सुटाला गोड्या पाण्यात सहा किलो मला जास्त वाटतात. वजन जास्त, म्हणून जॅकेटमध्ये हवा जास्त, म्हणून झोकेही मोठे. वर्ग संपताना, सिलिंडर रिकामा होत आला की सरांसमोर तपास : पृष्ठभागाशी, पाय तळाला न टेकता, सरळ उभा राहा, जॅकेट रिकामं कर, साधा श्वास घेऊन क्षणभर थांब (इथे खालून वर येणं नाही, म्हणून चालतं). पाणी डोळ्यांपाशी यावं आणि श्वास सोडल्यावर तू बुडावंस. भरलेल्या सिलिंडरमधली हवाच दोन किलोच्या वर भरते, म्हणून शेवटी तपासायचं.

खारं पाणी साधारण अडीच टक्क्यांनी जड असतं. तू आणि सामान मिळून ९० किलो भरत असाल, तर हेच सामान घेऊन मालवणला सव्वादोन किलो वाढवावे लागतील. तिथे पहिल्याच दिवशी वजन पुन्हा तपासून माग.

तोवर जवळच्या पूलमध्ये मास्क आणि स्नॉर्केल (श्वासाची नळी) घेऊन जा, पोहता येणारा मित्र काठावर बसव आणि तोंडाने संथ, लांब श्वास घेत पालथा पडून राहा.