ज्वारीत डायटोमेशियस अर्थ पावडर मिसळली तर चालते का? किती मिसळायची?

तुम्ही लिहिलंय की गावाकडून वर्षाची दोन क्विंटल ज्वारी आणता, पावसाळ्यात तिला सोंडे, म्हणजे दाणा पोखरणारे किडे, लागतात, आणि कुणीतरी ही पांढरी पावडर सुचवलीय. शेवटी विचारलंय, ‘पण खायच्या धान्यात माती कालवणं बरोबर आहे का?’ हे शेवटचं वाक्य वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसलो.

चालते. क्विंटलला १०० ग्रॅम. आता ‘माती कालवणं’ याबद्दल बोलतो, कारण हेच शब्द माझ्या वडिलांना भर बाजारात ऐकावे लागले होते.

आमचं गाव मंगळवेढा तालुक्यात. दुष्काळात दामाजीपंतांनी सरकारी कोठारं लोकांना खुली केली, ते हे मंगळवेढं. खोल काळी रानं, पेरणीनंतर पाणी द्यायचं नाही, जमिनीत मुरलेल्या ओलीवर मालदांडी ही ज्वारीची जात येते. २०१६ मध्ये इथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. पण पिकवणं हे अर्धंच काम. फाल्गुनात निघालेली ज्वारी भाद्रपदापर्यंत सांभाळली तरच भाव मिळतो, आणि मधे अख्खा पावसाळा असतो. आजोबांच्या काळी पेव होतं, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खोल खड्डा. तोंड मातीने लिंपलं की आत हवा राहत नसे आणि किडाही राहत नसे. पेव उघडल्यावर आधी पेटता कंदील खाली सोडायचे, तो विझला तर कुणी उतरायचं नाही. पुढे पेवं बुजली, पोती आली, आणि पोत्यांबरोबर सोंडे आले.

आण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, उपाय राख. वैशाखात ज्वारी ताडपत्रीवर तीन दिवस वाळवायची. दाणा दाताखाली ‘कट्’ वाजला तरच पुढचं काम. गोवऱ्यांची राख धोतराच्या फडक्यातून वस्त्रगाळ करायची, क्विंटलला दोन किलो या हिशेबाने भुरभुरायची आणि फावड्याने ढीग तीनदा पालथा घालायचा. पोत्याच्या तोंडाशी आणखी चार मुठी.

यात अडाणीपणा काही नाही. किड्याच्या अंगावर मेणासारखा पातळ थर असतो, त्यामुळे त्याच्या शरीरातलं पाणी आत टिकतं. बारीक कोरडी भुकटी तो थर शोषते, खरवडते, आणि किडा वाळून मरतो. कोंबडी धुळीत लोळते तीही अंगावरच्या किड्यांसाठीच. डायटोमेशियस अर्थ म्हणजे पाण्यातल्या सूक्ष्म शेवाळांच्या कवचांची भुकटी, जवळजवळ सगळी सिलिका. काम तेच, फक्त राखेपेक्षा कितीतरी जोरकस, म्हणून दोन किलोंच्या जागी १०० ग्रॅम पुरते. कॅनडा, ऑस्ट्रेलियासारख्या गहू पिकवणाऱ्या देशांत ती धान्यात घालतात. तिथे तिला कुणी माती कालवणं म्हणत नाही.

१९९७ च्या भाद्रपदात आम्ही २२ पोती घेऊन बाजारात गेलो. मी सतरा वर्षांचा, थोरला भाऊ बरोबर. अडत्याने पोत्यात हात घातला, ज्वारी तळहातावर चोळली, बोटं राखाडी झाली. दहा माणसांत म्हणाला, ‘‘पाटील, वजन वाढवायला माती कालवलीत व्हय?’’ माझ्या बापाने आयुष्यात कुणाचा रुपया बुडवला नव्हता. ते काही बोलले नाहीत. हमालाकडून चाळण मागून घेतली, एक भरलेलं क्विंटलचं पोतं तिथेच ओतलं आणि उकिडवे बसून एकट्याने चाळलं. दीड तास लागला. मी मदतीला वाकलो तर हाताने मागे सारलं. खाली पडलेली राख काट्यावर ठेवली. एक किलो सहाशे. मग म्हणाले, ‘‘शेठ, माझी राख दीड किलो. तुमचा कडता पोत्यामागं चार किलो. आता सांगा.’’ कडता म्हणजे घट धरून अडत्याने वजनातून कापायचं धान्य.

शेठने सांगितलं ते एवढंच, की दाण्याला चमक नाही. भाव पाडूनच घेतला, कडताही चारच किलो कापला. परत येताना टेंपोत भाऊ म्हणाला, ‘‘आण्णा, उगीच राख घालता. पुढच्या वर्षी नको.’’ आण्णा रस्ताभर गप्प होते. पुढच्या वर्षी त्यांनी राख घातली नाही.

त्या वर्षी मालदांडी मोत्यासारखी दिसत होती. श्रावण संपताना पोत्यात हात घातला तर आत ऊब लागली. धान्यात किडे वाढले की ते आतून तापतं. पोतं उलटं केलं, तळाला पीठ, दाण्यादाण्याला भोक. १८ पोत्यांतली ११ कोंबड्यांच्या खाद्याला गेली, येईल त्या भावाने. सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि भोक बुजवते. महिन्याभरात आतून नवा किडा बाहेर पडतो, आणि एकेक मादी शेकड्यांनी अंडी घालते. चमक जपायला गेलो आणि दाणाच गेला.

चमक कमी होते, हे अडत्याचं खरं होतं. दाणे एकमेकांवरून नीट घसरत नाहीत, मधे पोकळी राहते, म्हणून त्याच पायलीत वजनही थोडं कमी भरतं. पण त्यावर उपाय चाळण हा आहे, धान्य उघडं ठेवणं हा नाही. बाजारात न्यायच्या आदल्या दिवशी चाळा, पाखडा, सुती कापडावर घासा. बरीचशी चमक परत येते. हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं असतं तर आण्णांना त्या ओट्यावर बसावं लागलं नसतं. सात वर्षांपासून मी हीच पावडर वापरतो, ज्वारी चाळून सोलापुरात थेट घरोघरी देतो आणि पावडरीचं आधीच सांगतो. एकाही बाईने मला माती कालवली म्हटलेलं नाही.

भाऊ त्या वर्षानंतर गोळ्यांकडे वळला. आजही म्हणतो, ‘‘दोन गोळ्या टाकल्या की काम झालं.’’ मी त्याच्याशी वीस वर्षं भांडतोय, इथेही लिहितो. त्या गोळ्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या. हवेतल्या ओलीने त्यातून फॉस्फिन वायू सुटतो. तीन ग्रॅमच्या गोळीतून एक ग्रॅम वायू, आणि त्याच्या विषबाधेवर उतारा नाही. हवाबंद गोदामात प्रशिक्षित माणसाने वापरायचं ते औषध आहे. माणसं झोपतात त्या घरात नाही म्हणजे नाही. बोरिक पावडरही खायच्या धान्याला नको, सगळे लावतात म्हणून ती खायची वस्तू होत नाही.

आता तुमच्या दोन क्विंटलचं. पावडर धान्यासाठीची, खाद्य दर्जाची घ्या. पोहण्याच्या तलावाच्या गाळणीसाठी मिळते ती भाजलेली असते, तिची धूळ फुफ्फुसाला घातक. खाद्य दर्जाचीही नाकातोंडात जाऊ देऊ नका, मिसळताना तोंडाला फडकं बांधा, लहान मुलांना लांब ठेवा. दळणाआधी चाळून पाखडून घ्या. त्यातूनही चिमूटभर पोटात गेली तरी पचत नाही, तशीच बाहेर पडते.

ज्वारी ओलसर असेल तर हे सगळं वाया. सोलापूरच्या उन्हात वाळलेल्या ज्वारीवर माझा अनुभव आहे. तुम्ही कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळी हवेत पावडरच ओल धरते आणि गुण कमी येतो. तिथे वाळवून, मिसळून, घट्ट झाकणाच्या पिंपात भरा. आणि किडे आधीच झाले असतील तर पावडर घालून लगेच जादू होणार नाही. दाण्याच्या आतल्या अळीला ती पोचत नाही. महिनाभर नवे सोंडे बाहेर पडत राहतील, मग पावडर लागून मरतील. लोक आठव्या दिवशी जिवंत किडा बघतात आणि पावडर खोटी म्हणून फेकून देतात. पिठात होतो तो तांबडा भुंगेरा त्याहून चिवट, त्याला आणखी वेळ लागतो.

तूर, हरभरा ठेवणार असाल तर वेगळं विचारा. त्यांचा भुंगा शेतातल्या शेंगेवरूनच घरात येतो, त्याला आधी उन्हाचाच इलाज करावा लागतो.