कायद्याचं तत्त्वज्ञान आणि समाजशास्त्र शिकण्यात वेळ वाया जातो का?

तुम्ही विचारलंय की एलएलबी संपत आलंय, पुढे मास्टर्सला कायद्याचं तत्त्वज्ञान आणि समाजशास्त्र हा गट घ्यावा का, दोन्हींपैकी भर कशावर द्यावा आणि घरचे म्हणतात तसा यात वेळ वाया जातो का.

वेळ वाया जात नाही. माझा थोडा गेला, पण त्यात विषयाचा दोष नव्हता.

मी हाच गट घेतला होता. तत्त्वज्ञानाचा पेपर नोट्सवर काढला. कायद्याच्या तत्त्वज्ञांपैकी ऑस्टिन म्हणजे सार्वभौमाची आज्ञा, केल्सन म्हणजे मूलभूत नियम, हार्ट म्हणजे प्राथमिक आणि दुय्यम नियम. माणशी एक ओळ. मार्कही बरे पडले. जीव सगळा समाजशास्त्रात होता. स्ट्युअर्ट मॅकॉली यांनी विस्कॉन्सिनमधल्या कारखानदारांशी बोलून १९६३ साली लिहिलेला निबंध वाचला आणि पार उडालेच. धंद्यात बिनसलं की ही मंडळी करारपत्र उघडूनसुद्धा बघत नाहीत, फोन करतात आणि मिटवून टाकतात. एवढा कराराचा कायदा घोकला, पण हे कुणी सांगितलंच नव्हतं.

मग लघुप्रबंधासाठी एका दिवाणी कोर्टात मागच्या बाकावर वही घेऊन बसले. चार महिने, आठवड्यातून तीन दिवस. पुकारा झाला की घड्याळ बघायचं, प्रकरण उरकलं की परत बघायचं. कोण बोललं, तारीख कुणी मागितली, सगळं लिहायचं. कर्जवसुलीचे दावे बरेच असत. कर्ज देणाऱ्या संस्थेचा वकील एकेका सकाळी नऊ-नऊ फायली घेऊन यायचा, आणि त्याची कुठली फाईल कितव्या नंबरवर आहे हे कारकुनाला तोंडपाठ. समोर एक आजी. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला दोन गाठी. पुकारा झाला की आजी गाठी सोडायला लागायच्या आणि दुसरी गाठ सुटेपर्यंत पुढची तारीख पडलेली असायची. हे मी तीनदा पाहिलं. चौथ्या वेळी आजी आधीच पिशवी सोडून, कागद मांडीवर धरून बसल्या होत्या. त्या दिवशी न्यायाधीश रजेवर होते.

मार्क गॅलंटर यांचा १९७४ चा लेख याच विषयावर आहे. कोर्टात पुन्हा पुन्हा येणारा आणि जन्मात एकदाच येणारा यांच्यात पहिल्याचं पारडं एकही नियम न मोडता जड होत जातं. (तो वकील माणूस म्हणून वाईट नव्हता. आजींना बसायला जागा त्यानेच करून दिली होती.)

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून परीक्षक आले. आयुष्यभर ज्युरिसप्रुडन्स, म्हणजे कायद्याचं तत्त्वज्ञान, शिकवलेले, हार्टचे भक्त. एक्केचाळिसाव्या पानावर, माझ्या सगळ्यात लाडक्या तक्त्याशेजारी, त्यांनी पेन्सिलने एकच शब्द लिहिला होता, ‘कायदा?’. म्हणाले, “घड्याळ लावून बसलात, छान केलंत. पण यात कायदा कुठे आहे? हे समाजशास्त्र विभागात द्या.” गंमत म्हणजे सिनॉप्सिसच्या, म्हणजे लघुप्रबंधाच्या आराखड्याच्या, वेळी समाजशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या होत्या, हा कायद्याचा विषय आहे, तुमच्याच विभागात करा. मी सरांना कसंबसं म्हटलं, “सर, प्रत्यक्षात असंच चालतं.” ते हसले. मार्क कमी पडले त्याचं दुःख महिनाभर पुरलं. ते हसणं अजून पुरतंय.

दोन वर्षांनी शिकवायची वेळ आली तेव्हा हार्टचं १९६१ चं पुस्तक पहिल्यांदा स्वतः उघडलं. प्रस्तावनेतच ते म्हणतात की हे पुस्तक वर्णनात्मक समाजशास्त्रातला निबंध म्हणूनही बघता येईल. मी खुर्चीतून उठून खोलीत फेऱ्या मारल्या. ज्यांचं नाव घेऊन मला समाजशास्त्र विभागाकडे पिटाळलं, ते स्वतःच तिकडे जाऊन बसलेले! आणि हे भांडणही काही माझ्यापासून सुरू झालेलं नाही. ऑयगेन एर्लिक यांनी १९१३ मध्ये लोकांच्या रोजच्या व्यवहारातल्या ‘जिवंत कायद्या’वर पुस्तक लिहिलं आणि १९१५ मध्ये केल्सन यांनी त्यांच्यावर झोड उठवली. मुद्दा थेट पेन्सिलवाला. लोक काय करतात हे सांगताय, पण काय करायला हवं हे त्यातून कसं निघणार?

पुढचं कबूल करायला जड जातं. हार्टच्या त्याच पुस्तकात सिग्नलजवळ उभा राहून नोंदी करणारा एक बाहेरचा माणूस आहे. त्याला दिसतं की लाल दिवा लागला की गाड्या बहुधा थांबतात, जसे ढग आले की बहुधा पाऊस येतो. लाल दिवा लागला की थांबायलाच हवं असं गाडीवाले मानतात, हे त्याच्या नोंदींत कधीच येत नाही. माझी वही म्हणजे तो माणूस. मिनिटं मोजली, पण काहीच होत नाही हे दिसत असताना आजी प्रत्येक तारखेला का येत होत्या, हे एकदाही विचारलं नाही. भीती म्हणून? हक्क म्हणून? कोर्टाने बोलावलं म्हणून जायचंच, म्हणून? कायदा तिथे होता. म्हणजे सरांचा प्रश्न अर्धा बरोबर होता. अर्धाच, कारण हार्ट स्वतः वकिली केलेले असले तरी पुस्तकासाठी वही घेऊन कुठल्या कोर्टात बसले नव्हते, आणि ही तक्रार त्यांच्याबद्दल पुष्कळांनी केलेली आहे.

तेव्हा भर कशावर? दोन्हींवर. पण तत्त्वज्ञान आधी, आणि मूळ पुस्तकातून. नोट्स जाळा. हा विषय आपला आहे की नाही हे ठरवायला रिग्ज विरुद्ध पामर हा १८८९ चा न्यूयॉर्कचा निकाल वाचा. आजोबा मृत्युपत्र बदलतील म्हणून नातवाने त्यांना विष दिलं. मृत्युपत्र नियमाप्रमाणे चोख, आणि खुनी वारसाला बाद करणारं कलम कायद्यात नाही. बहुमताने त्याला वारसा नाकारला. न्यायमूर्ती ग्रे यांचं भिन्न मत होतं की खुनाची शिक्षा फौजदारी कायद्याने दिली आहे, त्यावर आपण आणखी शिक्षा जोडू शकत नाही. कायदा म्हणजे नुसते नियम नव्हेत, तत्त्वंही असतात, हे दाखवायला तत्त्वज्ञ ड्वॉर्किन यांनी १९६७ मध्ये हाच निकाल घेऊन हार्टला घेरलं. ग्रे यांचं मत वाचून झोप लागली, तर कंपनी कायदा घ्या. त्यात काही कमीपणा नाही.

लघुप्रबंध करणार असाल तर पहिली दोन पानं ‘मी इथे कायदा कशाला म्हणते आहे’ यावर लिहा. आणि व्हायवाला हार्टची प्रस्तावना खूण घालून सोबत ठेवा. लागेल.

नोकरीचं म्हणाल तर अध्यापन, संशोधन, धोरणांचे मसुदे करणाऱ्या संस्था. वकिलीतले सिनियर या पदवीबद्दल विचारतही नाहीत. हे आधी सांगायला हवं होतं, की त्या दोन वर्षांत माझ्यावर घर चालवायची जबाबदारी नव्हती. तुमच्यावर असेल तर आधी सनद घेऊन कामाला लागा. हार्ट पळून जात नाहीत.

आणि कोर्टात बसायचं असेल तर आधी लेखी परवानगी काढा. मी काढली नव्हती. दुसऱ्याच आठवड्यात शिपायाने हळूच येऊन विचारलं, “ताई, तुमची तारीख कधीची आहे?”