पास आहे, पण सीट मिळेल का?

वाचकांचे प्रश्न : विमान कर्मचारी आणि प्रवास सवलत

मुलगी मुंबई बेसवर (जिथून तिची ड्युटी सुरू होते ते ठिकाण) केबिन क्रू आहे. पूर्वी तिच्या पासवर आम्ही सहज दिल्ली-कोची करायचो. कंपनीने पास कमी केलेले नाहीत, तरी गेल्या वर्षात तीनदा विमानतळावरून परत यावं लागलं. असं का होतं? — एक आई, डोंबिवली

बहुतेक स्टाफ तिकिटं 'लोडनुसार', म्हणजे विमान किती भरलंय ते बघून सीट देण्याच्या अटीवरची असतात. त्यांना जुन्या कर्मचाऱ्यांच्या बोलीत 'सब्लो' आणि आता सगळीकडे स्टँडबाय म्हणतात. विकून उरलेली सीट तुमची, एवढाच त्याचा अर्थ. काटकसरीचा पहिला घाव नेमका या उरलेल्या सीटवर बसतो. समजा एका मार्गावर दिवसाला तीन फेऱ्या होत्या, प्रत्येकी 186 सीटचं ए-320, आणि प्रत्येकात सरासरी 124 प्रवासी. तिसरी फेरी बंद केली की तेच 372 प्रवासी दोन विमानांत बरोबर मावतात. कंपनीचं इंधन, लँडिंग शुल्क आणि क्रूचे तास वाचतात. स्टाफच्या वाट्याच्या 186 रिकाम्या सीट मात्र शून्यावर येतात, आणि पासच्या नियमातला एक शब्दही बदललेला नसतो. शिवाय शेवटच्या काही तासांत उरलेल्या सीट चढ्या भावाने विकल्या जातात, न येणाऱ्यांचा अंदाज धरून थोड्या जास्तही विकतात.

घरून निघण्याआधी हे बघा. मुलीला आदल्या रात्री आणि सुटण्याच्या तीन-चार तास आधी असा दोनदा लोड बघायला सांगा. वेबसाइटवरच्या सीट मॅपवर अजिबात विसंबू नका. आपल्याकडे बरेच प्रवासी सीट निवडण्याचे पैसे भरत नाहीत, त्यामुळे तिकीट विकलेली सीटही तिथे मोकळी दिसते. हिशेब असा : 186 सीट, 171 बुकिंग, म्हणजे उरल्या 15. तुमच्या आधी यादीत 9 जण, म्हणजे 6. तुम्ही तिघं असाल तर हे ठीक वाटतं, पण आधीची एक फेरी रद्द झाली की तिचे प्रवासी आणि ड्युटीवर जाणारे क्रू तुमच्या पुढे येतात. म्हणून तुमच्या गरजेच्या किमान दुप्पट सीट उरत नसतील तर रिक्षासुद्धा करू नका.

यादीतला क्रम कंपनीनुसार वेगळा असतो. साधारणपणे रजेवरचा स्वतःचा कर्मचारी, मग त्याचे कुटुंबीय, मग निवृत्त आणि शेवटी दुसऱ्या कंपनीचे लोक. एकाच गटात काही ठिकाणी नोकरीवर लागल्याची तारीख धरतात, काही ठिकाणी चेक-इनची वेळ. चेक-इनची वेळ धरत असतील तर लवकर पोचण्याचा खरा फायदा आहे. तारीख धरत असतील तर पहाटे तीनला जाऊन काहीच हाती लागत नाही.

तिघांची नावं एकाच पीएनआरमध्ये असतील तर दोनच सीट उरल्यावर तिघंही अडकतात, म्हणून वेगवेगळे पीएनआर करा आणि लहान मूल एका मोठ्याबरोबर ठेवा. सामान केबिन बॅगेतच मावेल एवढं घ्या. देशांतर्गत काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, स्टँडबायचा निकाल त्यानंतर लागतो, आणि गेट बंद व्हायच्या आत सुरक्षा तपासणी उरकायची असते. त्या घाईत चेक-इनची बॅग जड जाते. गोव्याला जायचं असेल तर दाभोळी आणि मोपा दोन्हीकडे नाव लावा. दिवाळी, मेअखेर आणि गणपतीच्या आठवड्यात मात्र सरळ तिकीट काढा किंवा रेल्वे गाठा. अनेक कंपन्या या काळात स्टाफ प्रवासावर बंदीच घालतात.

दुसऱ्या कंपनीच्या विमानाने झेड भाड्यावर फ्रँकफर्टला जायचा विचार आहे. काय सांभाळावं? — ग्राउंड स्टाफ, पुणे

झेड भाडं म्हणजे विमान कंपन्यांनी एकमेकांच्या कर्मचाऱ्यांना करारानुसार दिलेलं सवलतीचं भाडं. ते अंतराच्या टप्प्यावर ठरतं. प्रत्येक टप्प्यात कमी, मध्यम आणि जास्त असे तीन दर असतात. तुमचा दर कोणता, हे दोन कंपन्यांतल्या करारावर अवलंबून असतं. खर्चकपातीत हे करार गुपचूप बदलतात, म्हणून मागच्या वर्षीचा दर धरून बेत आखू नका. तिकिटावर आर-2 लिहिलं असेल तर ते स्टँडबाय, आर-1 असेल तर सीट राखून मिळते. आर-1 महाग पडतं, तरी परतीच्या टप्प्यासाठी आमचा आग्रह त्याचाच.

तिकीट काढणं आणि फ्लाइटवर नाव लावणं ही दोन वेगळी कामं आहेत. फ्लाइट बदलली की नाव पुन्हा लावावं लागतं. लोक इथेच चुकतात.

एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानची हवाई हद्द भारतीय विमानांना बंद झाल्यापासून दिल्लीहून युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या भारतीय विमानांना लांबचा फेरा पडतो. जास्त इंधन म्हणजे जास्त वजन. त्यामुळे कधी सीट रिकामी असूनही वजनाची मर्यादा गाठल्यामुळे स्टँडबायला नाही म्हणतात. काउंटरवरच्या माणसाशी वाद घालू नका, त्याच्या हातात ते नसतं.

व्हिसाच्या अर्जात बेतापेक्षा तीन-चार दिवस जास्त मागा. परतीला अडकलात आणि मुक्कामाचे दिवस संपले, तर सीट मिळाली नाही हे कारण तुमच्या कामी येईल असं धरू नका. दुसऱ्या शहरातून वळसा घ्यायचा तर आधी त्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा तपासा. विमान रद्द किंवा उशिरा झाल्यावर मिळणारी युरोपच्या 261/2004 नियमाची भरपाई सर्वसामान्यांना न मिळणाऱ्या सवलतीच्या तिकिटांना लागू नाही, त्यामुळे रात्रीच्या हॉटेलचे पैसे तुमच्या खिशातूनच जातील. ते आधीच बाजूला ठेवा.

फुकट पासवरही पैसे का कापतात? आणि त्यावर आयकर लागतो का? — वाचक, नाशिक

पासवर मूळ भाडं माफ असतं. विमानतळाचं विकास शुल्क, सुरक्षा शुल्क आणि कर द्यावे लागतात. छोट्या मार्गावर ही रक्कम सवलतीच्या सेलमधल्या तिकिटाच्या जवळ जाते, तेव्हा तुलना करूनच ठरवा.

31 मार्च 2026 पर्यंत लागू असलेल्या आयकर नियम 1962 मधला नियम 3(6) मालकाने दिलेल्या मोफत प्रवासाचं मूल्य धरायला सांगायचा, पण विमान कंपन्या आणि रेल्वेच्या कर्मचाऱ्यांना त्यातून वगळायचा.

कंपनीने आई-वडिलांचे पास एका ई-मेलने बंद केले. काही करता येतं का? — केबिन क्रू, मुंबई

आधी नेमणूकपत्र आणि पासचं धोरण काढून वाचा. 'कंपनीच्या मर्जीनुसार' असं वाक्य असेल तर बाजू कमकुवत होते, पण संपत नाही. वर्षानुवर्षं चालत आलेली सवलत काढून घेताना कामगारांना 21 दिवसांची बदलाची नोटीस द्यावी लागते. हे औद्योगिक विवाद कायदा 1947 च्या कलम 9-अ आणि चौथ्या परिशिष्टात होतं. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ते कलम 40 आणि तिसऱ्या परिशिष्टात आहे. अडचण 'कामगार' या व्याख्येची. व्यवस्थापकीय काम करणारे आणि महिना 18,000 रुपयांपेक्षा जास्त पगाराचे पर्यवेक्षक त्यात बसत नाहीत. इथे हुद्द्याच्या नावापेक्षा प्रत्यक्ष काम बघितलं जातं, म्हणून 'केबिन सुपरवायझर' लिहिलंय एवढ्यावर हार मानू नका. जुनी पास-परिपत्रकं, प्रवासाच्या नोंदी आणि तो ई-मेल जपा आणि युनियनमार्फत लेखी हरकत घ्या. एकट्याने एचआरला फोन करून काही नोंद राहत नाही.

मी नागपूरला राहते, बेस मुंबई केला. ड्युटीसाठी येण्याचा प्रवास कामाच्या तासांत धरतात का? — क्रू

कंपनीने एका ठिकाणाहून दुसरीकडे काम करायला पाठवलं तर तो डेडहेड प्रवास ड्युटीत धरतात, आणि त्यानंतर लगेच फ्लाइट करायची असेल तर फ्लाइट ड्युटीतही. घरून स्वतःच्या बेसला येणं यात येत नाही. स्टँडबाय पासच्या भरवशावर रिपोर्टिंगच्या दिवशी सकाळी निघू नका, आदल्या दिवशीच मुंबई गाठा. सीट न मिळाल्याने रिपोर्टिंग चुकलं तर गैरहजेरी तुमच्या नावावर लागते.

कंपनी बंद पडली तर काढलेल्या स्टाफ तिकिटांचं काय? — निवृत्त तंत्रज्ञ, वसई

जेट एअरवेजची विमानं 17 एप्रिल 2019 ला थांबली, गो फर्स्टची मे 2023 मध्ये. असं झालं की दुसऱ्या कंपन्यांशी असलेले करारही निरुपयोगी होतात, न वापरलेली तिकिटं चालत नाहीत. दिवाळखोरी प्रक्रियेत थकीत पगार आणि ग्रॅच्युइटीचा दावा फॉर्म डी भरून मुदतीत लावा. भविष्यातल्या पासची किंमत त्यात मागून फारसं काही मिळत नाही. कंपनी डळमळू लागल्याची चिन्हं दिसली, पगार लांबले, विमानं उभी राहू लागली, तर परदेशात असलेल्या कुटुंबीयांना स्टँडबायवर न ठेवता पूर्ण भाड्याने परत आणा.