रोस्टर तुमच्या हातात आहे, तिथून सुरुवात करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोव्यातल्या मोरजीच्या एका हॉटेलात आठ वर्षं रूम अटेंडंट होता, गेल्या महिन्यात हाउसकीपिंग सुपरवायझर झालात. हाताखाली 19 माणसं. साहेब म्हणतात, "त्यांना डोक्यावर बसवू नका." कालपर्यंत बरोबरीने ट्रॉली ढकलणारे आता तुटक बोलतात. पगार वाढवणं तुमच्या हातात नाही. मग माणसांशी नीट वागायचं म्हणजे नेमकं करायचं काय?

मी 1994 साली कांदोळीत रूम अटेंडंट म्हणून लागले आणि 2022 मध्ये हाउसकीपिंगची प्रमुख म्हणून निवृत्त झाले. मधे हॉटेलं तीन बदलली. माझ्या मते सुरुवात रोस्टरपासून, म्हणजे कामाच्या पाळ्यांच्या तक्त्यापासून करा. पगार वर ठरतो, पण कोणाला कधी ऑफ, कोणाच्या वाट्याला किती चेकआउट (पाहुणा सोडून गेलेल्या खोल्या), कोण डबल शिफ्ट करणार, हे तुमच्या पेनाने ठरतं. माणसं तुम्हाला त्या कागदावरून ओळखतात.

चवथीचं, म्हणजे गणेशचतुर्थीचं बघा. आमच्याकडे पूर्वी जो साहेबांच्या कानाला आधी लागेल त्याला सुट्टी मिळायची. पेडण्याच्या, बांद्या-सावंतवाडीकडच्या मुली जून उजाडला की माझ्या टेबलाभोवती घुटमळायच्या, एकमेकींपासून लपवून. मी एक वही घातली. मागच्या तीन वर्षांत चवथीला कोण घरी गेलं आणि कोण कामावर राहिलं, ते नावानिशी. जुलैच्या पहिल्या आठवड्यात यादी लिनन रूमच्या (चादरी-टॉवेलांच्या खोलीच्या) दारावर लावायची, चार दिवस हरकती ऐकायच्या, मग पक्की करायची. ज्याच्या घरी माटोळी (गणपतीवरची फळा-पानांची आरास) बांधायला दुसरं कोणी नाही, त्याचा नंबर आधी. कुजबुज थांबली, कारण लपवण्यासारखं काही उरलंच नाही.

मला वाटलं, झालं, आपण न्यायाने वागतो. मग एकदा चादरी मोजता मोजता सासष्टीची एक जुनी अटेंडंट म्हणाली, "मॅडम, चवथ पावसात येते, तेव्हा हॉटेल अर्धं रिकामं असतं. आमचा नाताळ येतो तेव्हा एक खोली रिकामी नसते. अकरा वर्षं झाली, मी मध्यरात्रीच्या मिस्साला गेले नाही." माझ्या वहीत डिसेंबरचं पानच नव्हतं. अकरा वर्षांत ते माझ्या डोळ्यांना दिसलं नाही, कारण तो माझा सण नव्हता.

त्या वर्षापासून ठरवलं की चवथीला जे घरी गेले, त्यांनी 24 डिसेंबरच्या संध्याकाळपासून 25 च्या दुपारपर्यंत मजला सांभाळायचा. पहिल्या वर्षी दोघीजणी महिनाभर माझ्याशी धड बोलल्या नाहीत. ते सोसावं लागतं. झारखंडच्या मुलांचं गणित आणखी वेगळं. त्यांना आठ दिवसांची रजा देऊन उपयोग नाही, जाण्यायेण्यातच चार दिवस जातात. त्यांना घरच्या भातशेतीसाठी जुलैत सलग वीस दिवस हवे असतात, आणि तेव्हा आपल्याकडे कामही कमी असतं. द्यायला काहीच अडचण नव्हती, फक्त कोणी विचारलं नव्हतं. पुढे नवीन माणूस आला की पहिल्याच आठवड्यात मी विचारून वहीत लिहून घ्यायचे, वर्षातला तुझा दिवस कोणता?

खोल्यांची वाटणीही अशीच बघा. आमच्याकडे शिफ्टला माणशी 14 खोल्या होत्या. कागदावर सगळ्यांना सारख्या. पण 14 स्टे-ओव्हर (पाहुणा अजून राहतोय अशा खोल्या) आणि 14 चेकआउट यांत जमीन-अस्मानाचा फरक, त्यातून किनाऱ्याकडची विंग असेल तर बाथरूमच्या जाळीतली वाळूच पंधरा मिनिटं खाते. आम्ही चेकआउट दीड खोली धरायला लागलो आणि विंग दर आठवड्याला फिरवली.

आता एक गोष्ट सांगते, ती माझी चूक आहे. 2009 च्या सीझनमध्ये एका पाहुणीचं कानातलं हरवलं. त्या खोलीवर कॉन्ट्रॅक्टवरचा एक मुलगा होता. सिक्युरिटीने विचारलं आणि मी होकार दिला. स्टाफ गेटवर शिफ्ट सुटायच्या वेळी, सगळ्यांसमोर, त्याची बॅग उपसली. एक लुंगी, बिस्किटाचा अर्धा पुडा, चार्जर. दुसऱ्या दिवशी कानातलं लाँड्रीत उशीच्या अभ्र्यात सापडलं. मी त्याला ऑफिसात बोलावून माफी मागितली. म्हणजे बॅग चारचौघांत उपसली आणि माफी दार लावून मागितली. महिनाअखेरीला तो सोडून गेला. ती माफी मी गेटवर मागायला हवी होती.

तुमच्यावर असा प्रसंग आला तर आधी खोली आणि त्या दिवसाचं सगळं लिनन झाडून बघा. त्यानंतरही तपासणी करावीच लागली तर बंद खोलीत, साक्षीदारासमोर, आणि त्या मजल्यावर गेलेल्या प्रत्येकाची करा. सुरुवात स्वतःच्या बॅगेपासून.

मुलींच्या सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र हयगय नको. 2013 च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याप्रमाणे 10 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती लागते, अध्यक्ष स्त्री आणि एक सदस्य बाहेरचा. तक्रारीची मुदत साधारण 3 महिने. पुष्कळांना वाटतं हे फक्त सहकाऱ्यांपुरतं आहे. तसं नाही, कामाच्या जागी येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनही सुरक्षितता देणं मालकाचं कर्तव्य आहे. पाहुणाही त्यात आला. आमचा नियम असा होता: काम चालू असताना दार उघडं, ट्रॉली दारात आडवी. पाहुणा विचित्र वागला तर तिने काम टाकून निघायचं, पुढे ती खोली दोघांनी मिळून करायची, आणि ती खोली तिच्या 14 मधून वजा. बदल्यात दुसरी लादायची नाही, नाहीतर पुढच्या वेळी ती सांगणारच नाही.

पैशांचं थोडक्यात. वेतन संहितेप्रमाणे मासिक पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत आणि ओव्हरटाइम निदान दुप्पट दराने. कॉन्ट्रॅक्टवरच्या मुलांची ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कार्डं स्वतः बघा. 21,000 पर्यंत पगार असलेल्यांच्या पगारातून 0.75 टक्के कापलं जातं, 3.25 टक्के मालक भरतो. आमच्या एकाचा हात गरम इस्त्रीखाली भाजला, तेव्हा मडगावच्या ईएसआय इस्पितळात कळलं की कॉन्ट्रॅक्टरने त्याची नोंदच केलेली नाही. पैसे मात्र दर महिन्याला कापले जात होते. वेळेवर ते कार्ड बघायला मला पाच मिनिटं लागली असती.

राहिले साहेब. त्यांच्याशी वाद घालू नका. नवीन अटेंडंटला हाताशी यायला माझ्या अनुभवात तीन आठवडे लागतात. ऑक्टोबरच्या तोंडावर चार माणसं सोडून गेली तर काय होतं, हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. त्यांच्याकडे एकच परवानगी मागा: रोस्टर पंधरा दिवस आधी लावू द्या, आणि लावलेलं रोस्टर तुम्हाला विचारल्याशिवाय कोणी बदलायचं नाही.

आणि जुने मित्र तुटक बोलतात, ते बोलू दे. ते वाट बघताहेत, चवथीच्या यादीत तुम्ही स्वतःचं नाव कुठे घालता याची. तुम्ही गेल्या वर्षी घरी गेला होता असं लिहिलंय, तेव्हा या वर्षी कामावर राहणाऱ्यांत पहिलं नाव तुमचं लिहा.