लॅपटॉप आताच घ्या, पण हप्त्यावर नको

प्रश्न (पत्र थोडक्यात) : मी २९ वर्षांची, बडोद्याची. फाइन आर्ट्सला अप्लाइड आर्ट केलं, मग कोडिंग शिकले. पाच वर्षं घरूनच स्वतंत्र काम करते: फरसाणाच्या पाकिटांची डिझाइन्स, अ‍ॅपचे स्क्रीन, वेबसाइटचं कोडिंग. गेल्या वर्षी ७ लाख ८० हजार जमा झाले, पण एखाद्या महिन्यात लाख, तर एखाद्यात २२ हजारच. घरखर्च, सॉफ्टवेअर, नेट धरून महिन्याला ३८ हजार लागतात. एसआयपी ८ हजारांची. बँकेत १ लाख ४० हजार आणि १ लाखाची एफडी. २०२४च्या पुरात तळमजल्यावरचं सगळं गेलं, ते पुन्हा घेण्यात बाकी शिल्लक संपली. लॅपटॉप २०१८चा, आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क. रोज पाऊण तास नुसती वाट बघण्यात जातो, आणि आता टचपॅड वर उचलला गेलाय. सयाजीगंजात भाव काढले: मॅकबुक प्रो १ लाख ६८ हजार (‘नो कॉस्ट’ हप्ता ७ हजार, २४ महिने), १६ जीबीचा विंडोज लॅपटॉप ८४ हजार, कंपनीतून निघालेला वापरलेला ४५ हजार. बाबा म्हणतात, अंथरूण पाहून पाय पसर, १४ हजारांत हाच दुरुस्त करून घे. दादा म्हणतो, मार्चच्या आत घेतला असतास तर टॅक्स वाचला असता, आता दिवाळीच्या सेलपर्यंत थांब. काय करू?

उत्तर : पैशांचं नंतर बोलू. टचपॅड वर उचलला जातो तो बहुतेक वेळा खालची बॅटरी फुगल्यामुळे. तसं असेल तर ते धोक्याचं आहे. आजपासून तो लॅपटॉप चार्जिंगला लावू नका, टचपॅड दाबून बसवायला जाऊ नका, रात्री गादीवर किंवा कागदांजवळ ठेवू नका. डेटा काढून घ्या आणि बॅटरी दुकानातच काढून घ्या. काढलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकायची नाही, ई-कचऱ्यात द्यायची.

आता तुमच्या बाबांचं म्हणणं. ते मी सहज बाजूला सारत नाही. हार्ड डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी, म्हणजे कितीतरी वेगवान डिस्क, टाकली, रॅम १६ जीबी केली, की तुमचं वाट बघणं बरंचसं तिथेच संपेल. आठव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११लाही चालतो, त्यामुळे १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार (अपडेट देणं) संपला म्हणून यंत्र भंगारात काढायचं कारण नाही. पण १४ हजार घालूनही मदरबोर्ड २०१८चाच राहतो आणि पडदाही तोच. तुमची वर्षाची पावणेआठ लाखांची कमाई या एकाच यंत्रावर उभी आहे. महिन्याला ६५ हजार आणि कामाचे २२ दिवस धरले तर तुमचा एक दिवस सुमारे ३ हजारांचा. नवरात्राच्या आधी, बडोद्यातला प्रत्येक गरबावाला आणि मिठाईवाला डिझाइन मागत असताना, बोर्ड गेला आणि आठ दिवस हातावर हात ठेवून बसावं लागलं, तर २४ हजार गेले. तुटलेलं गिऱ्हाईक वेगळंच.

म्हणून माझं मत: ८४ हजारांचा लॅपटॉप आत्ता घ्या, रोख घ्या, आणि जुन्यात फक्त एसएसडी व बॅटरी बदलून तो जोडीला ठेवा. त्याला सहा-सात हजार लागतील.

मॅक का नको, याचं कारण तुम्हाला वाटतं तसं ‘परवडत नाही’ हे नाही. ८४ हजार चार वर्षांत वाटले तर महिन्याला १,७५० पडतात. मॅक सहा वर्षं टिकेल असं धरलं तर महिन्याला साधारण २,३००. म्हणजे मॅक ही उधळपट्टी नव्हे, आणि ग्राहकासमोर चांगलं यंत्र उघडून बसावंसं वाटणं यातही चुकीचं काही नाही. अडचण आहे ती तुमच्या उत्पन्नाच्या लयीची. २२ हजारांच्या महिन्यात घराचेच १६ हजार कमी पडतात. त्यात ७ हजारांचा हप्ता आला की खड्डा २३ हजारांचा. असे दोन महिने लागोपाठ आले आणि क्रेडिट कार्डाची रक्कम थकली, तर वर्षाला ३५ ते ४५ टक्क्यांच्या घरातलं व्याज सुरू होतं. पुरानंतर तुमच्या घराने एकदा शून्यापासून सुरुवात केली आहे. तीच वेळ एका लॅपटॉपसाठी पुन्हा आणायला मी तरी सांगणार नाही.

‘नो कॉस्ट’ हा शब्दही नीट समजून घ्या. बिनव्याजी हप्ता म्हणून असतं काही नाही, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना बजावलं होतं. बँक व्याज लावतेच. दुकानदार किंवा कंपनी तेवढी सूट आधी देते, म्हणून बेरीज जुळते. तुमच्या १ लाख ६८ हजारांत, १५ टक्के दर धरला, तर सुमारे २३,६०० रुपये व्याज दडलेलं आहे. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी तुमच्या खिशातून जातो, तो साधारण ४,२५० रुपये. प्रक्रिया शुल्क वर. रोख घेणाऱ्याला मिळाली असती ती सूट तर आधीच गेलेली असते. शिवाय दोन वर्षं कार्डाची मर्यादा अडकून राहते, आणि घरात कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर नेमकं तेच कार्ड लागतं.

रोख पैसे कुठून आणायचे? तुमच्यासारख्या चढउताराच्या कमाईत पाच महिन्यांचा खर्च हाताशी हवाच, म्हणजे ३८ हजार गुणिले पाच, १ लाख ९० हजार. तुमच्याकडे एफडी धरून २ लाख ४० हजार आहेत. मोकळे झाले ५० हजार. आणि तुमच्या पत्रात शेवटी ओझरती आलेली एक ओळ मला सगळ्यात मोलाची वाटली: बंगळुरूच्या कंपनीने वर्षभरात ४३ हजार टीडीएस (बिलातूनच कापून सरकारकडे भरलेला कर) कापला आहे आणि विवरणपत्र अजून भरायचं आहे. अहो, हे तुमचेच पैसे आहेत! तुमचे सीए अनुमानित पद्धतीने विवरणपत्र भरतात, त्यात जमा रकमेचा निम्मा भाग उत्पन्न धरतात: ३ लाख ९० हजार. नव्या करप्रणालीत एवढ्यावर कर शून्य, म्हणजे ४३ हजार पूर्ण परत. या आठवड्यात विवरणपत्र भरा, ३० दिवसांच्या आत ई-पडताळणी करा, बँक खातं पोर्टलवर प्रमाणित आहे ना ते बघा. ५० आणि ४३ मिळून ९३ हजार. लॅपटॉप आणि जुन्याची दुरुस्ती मिळून ९१. परतावा येईपर्यंत राखीव दीड लाखाच्या आसपास, म्हणजे चार महिन्यांवर राहील. तेवढा काळ निभेल. एफडी मोडू नका, एसआयपीही थांबवू नका.

दादाला सांगा, मार्चमध्ये घेऊनही टॅक्स वाचला नसता. अनुमानित पद्धतीत सगळा खर्च आणि घसारा (यंत्राची दरवर्षी घटणारी किंमत) त्या निम्म्यात आधीच धरलेला असतो. आणि जिथे करच शून्य, तिथे वाचवायचं काय? कुणी जीएसटी नंबर घेऊन १८ टक्के परत मिळवायचं सुचवलं तर तेही नको. ८४ हजारांत सुमारे १२,८०० जीएसटी आहे खरा, पण नोंदणी घेतली की तुमच्या प्रत्येक बिलावर १८ टक्के चढतात, आणि नोंदणी नसलेल्या फरसाणवाल्याला ते नुसते जड होतात. सेवांसाठी २० लाखांची मर्यादा तुमच्यापासून अजून लांब आहे. दिवाळीचा सेलही नवरात्राच्या सुमारास. तुमचा हंगाम आधी. त्यात २०२५च्या अखेरीपासून मेमरीचे भाव चढले आहेत, त्यामुळे थांबून स्वस्त मिळेलच असं नाही.

८४ हजारांचं जे मॉडेल घ्याल त्यात दोनच गोष्टींवर अडून बसा. एक, रॅमची एक जागा मोकळी हवी. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असते. डिझाइनच्या फाइली, ब्राउजरचे वीस टॅब आणि डॉकर (कोड चालवून बघायचं सॉफ्टवेअर) एकदम उघडून बसणाऱ्या माणसाला दोन वर्षांनी ३२ जीबीची वाट उघडी पाहिजे. दुसरी, पडदा. पडदा किती रंग दाखवतो याचं माप माहितीपत्रकात असतं. तिथे ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलं असेल तर तो घेऊच नका, त्यावर रंग फिकट दिसतात. ‘१०० टक्के एसआरजीबी’ लिहिलेला घ्या. लीलो चेवड्याच्या पाकिटाचा हिरवा छापून आल्यावर वेगळाच निघाला, असं तुम्ही लिहिलंय. त्यात छपाईचा वाटा असेल, पण जुन्या पडद्याचाही असू शकतो. वापरलेला ४५ हजारांचा मी गाळला, कारण जोडीचं यंत्र तुमच्याकडे आहेच.

आयफोनचं अ‍ॅप बांधायचं काम पक्कं झालं, तर मात्र पुन्हा लिहा. त्यासाठी लागणारं एक्सकोड हे सॉफ्टवेअर मॅकवरच चालतं, तिथे इलाज नाही. पण तेव्हाही मॅकबुक प्रोच्या आधी मॅक मिनीचा (बिनपडद्याचा छोटा मॅक) भाव काढा.

पुराचं राहिलं. साध्या वॉरंटीत पाणी शिरल्याचं नुकसान येत नाही. घराचा विमा घेतलेला दिसत नाही. एप्रिल २०२१पासून आलेल्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत पूर धरलेला आहे आणि घरातल्या सामानालाही संरक्षण मिळतं. फक्त लॅपटॉप कमाईसाठी वापरता हे सांगून, तो धरतात का याचं उत्तर लेखी घ्या. कामाची एक प्रत क्लाउडवर आणि एक वेगळ्या डिस्कवर ठेवा, आणि ती डिस्क पावसाळ्यात माळ्यावर.

खरेदीला जाताना चेवड्याच्या पाकिटाची फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि छापलेलं पाकीट पर्समध्ये. दुकानात फाइल उघडा, लॅपटॉप दाराशी उजेडात न्या, पाकीट पडद्याशेजारी धरा. हिरवा जवळपास जुळला तर पैसे द्या, नाही जुळला तर पुढचं दुकान.