मसाज सुरू करतेयस? आधी हे वाच

अगं, पहिल्याच दिवशी 'जोरात दाबा' म्हणू नकोस. फायब्रोमायल्जियात, म्हणजे अंगभर सतत दुखत राहण्याच्या या आजारात, मज्जासंस्थाच हळवी झालेली असते, त्यामुळे जोरकस मसाजनंतर अंग उलट जास्त ठणकू शकतं. मायोफेशियल रिलीज (स्नायूंभोवतीचं आवरण सैल करायची पद्धत) येणारी फिजिओथेरपिस्ट शोध. त्यात चोळत नाहीत. तळहात एका जागी टेकवून दीड-दोन मिनिटं हलका ताण धरून ठेवतात, आणि खालचा भाग हळूहळू सैल पडतो. (बघणाऱ्याला वाटतं, काहीच चाललेलं नाही!) दुखणं १० पैकी ४ च्या वर गेलं की तिथेच थांबवायला सांग, भिडेखातर सोसू नकोस. एका बैठकीवर निकाल लावू नकोस. अभ्यासांत फरक दिसला तो ५ आठवडे किंवा जास्त केल्यावर. पाळीच्या दिवसांत अंग जास्त दुखत असेल तर हलकंच घे. गोळ्या आणि रोजचं चालणं मात्र चालूच ठेव.